अर्ध्या मिनिटाची मथुराबाई

मथुराबाई मुनेश्वरने स्वतःचा आवाज बाहेरून पहिल्यांदा ऐकला तो राळेगावच्या बाजारात, एका अनोळखी माणसाच्या खिशातून. ती वांगी निवडत होती. शेजारी एक दाढीवाला माणूस लसणाची पिशवी सावरत उभा होता, आणि त्याच्या सदऱ्याचा खिसा एकाएकी गाऊ लागला:

सोड माहा हात वो, मले जाऊ दे आता,
थकलो मी राणी, या मातीशी भांडता.

ढोलकी तीच, मागे बायकांचा आवाज तोच, आणि गळा तर तिचा स्वतःचाच. वांगं हातात तसंच राहिलं. आता पुढची ओळ येणार म्हणून तिचे ओठ आपसूक हलले. पण पुढची ओळ आलीच नाही. गाणं मधेच कट्टकन तुटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग माणसाने फोन काढला, "हां, बोल बे" म्हणाला आणि चालू लागला.

"ओ भाऊ! पुढचं कुठी हाये?" मथुराबाई ओरडली.

त्याने एकदा वळून पाहिलं आणि पावलं जरा जोरात उचलली.

ही दोन हजार सात सालची गोष्ट. त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात रोज यायचं, आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कपाशी लाल पडत होती, जिनिंगपुढे कापसाच्या गाड्या उभ्याच्या उभ्या राहत होत्या, आणि गावोगावी एखाद्या घराचं दार अवेळी बंद दिसलं की शेजारी धावत जाऊन कडी वाजवायचे. त्याच वर्षांत खेड्यापाड्यात मोबाइलही येत होते. पेरणीला बियाणं मिळो न मिळो, टेकडीवर टॉवर उभा राहत होता. नागोरावने, म्हणजे मथुराबाईच्या नवऱ्याने, पुसदला दिलेल्या लेकीशी बोलता यावं म्हणून एक जुना हँडसेट घेतला होता. सुकळी गावात त्याला रेंज मिळायची ती फक्त बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर. त्यामुळे सुकळीतली सगळी घरगुती भांडणं पायऱ्यांवर, चारचौघांत होऊ लागली होती.

मथुराबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. चुलीच्या धुरात उभं राहून दीडशे पोरांना हाका मारून मारून तिचा आवाज असा झाला होता की विहारात माइक बंद पडला तरी कार्यक्रम थांबत नसे. पौर्णिमेला महिला मंडळाच्या बायका जमायच्या, सुखीबाई ढोलकी धरायची आणि मथुराबाई गाणी म्हणायची. बहुतेक जुनी, तोंडपाठ. पण "सोड माहा हात" तिचं स्वतःचं होतं. तिच्या आळीतला एक माणूस असाच जीव देऊन गेला, त्याची बायको मंडळात येईनाशी झाली, आणि त्यानंतर खिचडी ढवळता ढवळता हे गाणं तिच्या तोंडी आलं. पहिलं कडवं पुरुषाचं होतं, थकलेल्या माणसाचं. खरं गाणं त्याच्यापुढे होतं. तिथून बायको बोलू लागायची:

जाशील त जाय मंग, पोरीले इचारून जाय,
तिच्या शाळेच्या वाटेनं दोन पावलं चालून जाय,
बैलाले पानी पाजून जाय, माह्या डोयात पाहून जाय,
एवढं सारं करून मंग, जमलं त सांगून जाय.

आणि शेवटी तोच पुरुष म्हणायचा:

निंगालो होतो राणी, आलो पाय फिरून,
हात माहा ठेव आता दोन्ही हातानं धरून.

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तिने ते पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा मंडपात पुरुषांच्या बाजूला कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. गाणं संपल्यावर टाळ्या यायला वेळ लागला. मथुराबाईला वाटलं, चुकलं वाटते काहीतरी. मग आळीतली ती बाई, जी मंडळात येत नव्हती, उठून पुढे आली आणि तिच्याजवळ बसली.

आणि त्या गाण्याचे आता बाजारात दोन तुकडे झाले होते, त्यातला एकच विकला जात होता.

वांगी तशीच टाकून मथुराबाई बसस्टँडजवळच्या धर्मपालच्या दुकानात गेली. धर्मपाल मोबाइलची दुरुस्ती करायचा, रिचार्ज मारायचा आणि लोकांच्या फोनमध्ये गाणी भरून द्यायचा. तो तिच्या माहेरच्या गावचा, म्हणून तिला आत्याबाई म्हणायचा.

"आत्याबाई, तुमाले मालूम नाई?" तो खूश होऊन म्हणाला. "तुमी त इंटरनेटवर हा! थांबा, दाखवतो."

त्याने आपला फोन काढला आणि काचेवर एक गोल फिरू लागला. गोल फिरत राहिला. मथुराबाईने पदराने मान पुसली, बाकावर बसली, उठली, दाराशी जाऊन काळीपिवळी जीप निघाली का ते पाहून आली. गोल फिरतच होता.

"हे चालू होयेपर्यंत का पीक निंगते?"

"जीपीआरएस हाये आत्याबाई, हळूहळूच येते. आलं, आलं."

आलं. बोटभर पडद्यावर एका गोऱ्या बाईचं चित्र होतं, एक डोळा मिटलेला, ओठ लालभडक. खाली लिहिलं होतं: "मस्ती आणि छेडछाड." त्याखाली गाण्यांची नावं, आणि तिसरं नाव: "सोड ना हात राजा – मथुरा अँड पार्टी."

मथुराबाईने ते दोनदा वाचलं.

"छेडछाड?" ती म्हणाली. "मी कोनाची छेड काढली?"

"तसं नाई, तो नुसता त्याइच्या यादीतला भाग असते. हात सोड म्हटलं, राणी म्हटलं, त त्याइले वाटलं असंन का..."

"ज्यानं हे लिवलं त्यानं गाणं ऐकलं का?"

धर्मपालने फोनचा पडदा सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "त्याइच्यापाशी अर्धा मिनिटच असते आत्याबाई. रिंगटोन अर्ध्या मिनिटाचीच घेतात."

"मंग अर्ध्या मिनिटात माणूस मराले निंगते, अन् त्याले थांबवाले कोनी येतच नाई? असं गाणं हाये का माहं?"

धर्मपालकडे मोबाइल कंपनीचा एक नंबर होता. त्याने तो लावून दिला आणि फोन तिच्या कानाशी धरला, तोही तिच्या सांगण्यावरून, तिने पिशवीत आणलेल्या नागोरावच्या फोनवरूनच, म्हणजे तक्रार घरच्या नावाने होईल.

आधी एक बाई हिंदीत बोलली, मग तीच इंग्रजीत बोलली, मग म्हणाली, मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबल्यावर बासरी वाजली. मथुराबाई बासरी ऐकत उभी राहिली. बाहेर एक काळीपिवळी भरली आणि गेली. मग एक मुलगी आली, फार गोड, पुण्याकडची असावी.

"नमस्कार मॅम, मी आपली काय मदत करू शकते?"

"माय, ते सोड माहा हात गाणं हाये ना, ते माहं हाये."

"सॉरी मॅम?"

"गाणं, गाणं! सोड माहा हात. तुमी अर्धंच देल्लं. मले ते सारं पाह्यजे त्याच्यात."

"ओके मॅम. आपल्याला 'सोड ना हात राजा' हे गाणं हवं आहे, बरोबर?"

"राजा नाई वो, राजा कुठून आला! पण हो, तेच. पुरं पाह्यजे."

"नक्कीच मॅम. आपली विनंती स्वीकारली आहे. आपला दिवस शुभ असो."

मथुराबाईने फोन खाली ठेवला. "पोरगी चांगली होती," ती म्हणाली. "आयकून घेतलं तिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुसदहून लेकीचा फोन आला. ती हसत होती. "आई, बाबाले हे काय सुचलं? फोन लावला का तूच गाऊन राह्यली!"

कंपनीने ते अर्धं गाणं नागोरावच्या नंबरावर लावून दिलं होतं. आता जो कोणी मुनेश्वरांच्या घरी फोन करील त्याला पलीकडून कोणी उचलेपर्यंत मथुराबाईचाच आवाज सांगणार होता, मले जाऊ दे आता. आणि पायऱ्यांवर ठेवलेला फोन उचलायला नागोरावला वेळच लागायचा, त्यामुळे लोक ते चार-चार वेळा ऐकत. मथुराबाईने पुन्हा फोन केला. आता दुसरी मुलगी होती. तिने सांगितलं की बंद करायला संदेश पाठवा. संदेश पाठवला तर उत्तर आलं, आपण निवडलेल्या गाण्याबद्दल धन्यवाद. नागोराव तर उलट खूश होता. तो कामाला जायचा त्या जिनिंगमधले लोक त्याला मुद्दाम फोन करू लागले होते.

"राहू दे ना," तो म्हणाला. "चांगलं वाटते. माह्या बायकोचा आवाज हाये."

"तुमाले चांगलं वाटते, कारन तुमाले पुढचं पाठ हाये!" ती म्हणाली. "बाकीच्याइले काय मालूम?"

मग तिने फकिराला गाठलं. फकिरा साउंड सर्विसवाला. जयंतीला मंडप, भोंगे, मिक्सर त्याचेच होते आणि रेकॉर्डिंगही त्यानेच केलं होतं. तो आपल्या व्हॅनमध्ये वायरींचे गुंडाळे करत बसला होता.

"नागपूरचा एक जण गाणे गोळा करते, त्याले देल्लं," फकिराने सरळ सांगून टाकलं. "मावशी, म्या त सारंच देल्लं होतं, पार शेवटपर्यंत. तुमचं नावही लिवून देल्लं. त्याइनं तोडलं."

"मंग त्याले म्हन, पुरं घे, नाई त काढून टाक."

"पुरं घेत नाई ते. काढाले सांगतो." फकिरा थोडा थांबला. "पन मावशी, काढलं तरी ज्याइच्या फोनात गेलं ते गेलंच. आता लोक एकमेकाच्या फोनातून ओढून घेतात. त्याले इंटरनेटही लागत नाई."

मथुराबाई व्हॅनच्या पायरीवर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला राग आला नाही, नुसता थकवा आला. ज्याच्याशी भांडावं असं समोर कोणी नव्हतंच. एक गोल फिरत होता, एक गोड मुलगी होती, एक नागपूरचा माणूस होता ज्याचं तोंड तिने पाहिलं नव्हतं.

नेमकं त्याच आठवड्यात जमनी आली.

जमनी राठोड शेजारच्या तांड्यावरची. दोघी हंगामात एकाच शेतात कापूस वेचायच्या, तेवढीच ओळख. शाळेच्या चुलीपुढे येऊन ती उभी राहिली. धाप लागली होती, आणि ती रागात होती.

"मथुराबाई, ते जाऊ दे आता, जाऊ दे आता, ते तूच म्हटलं ना?"

"मीच म्हटलं."

"कायले म्हटलं असं? माहा बादल दिवसभर तेच ऐकून राह्यला. त्याची बायको माहेरी गेली, वावरात काही राह्यलं नाई. धुऱ्यावर जाऊन बसते अन् फोन कानाले लावते. तेच तेच. संपलं का पुन्हा तेच. मले त रात्री झोप नाई." तिने चुलीपुढचं लाकूड पायाने लोटलं. "तुले दुसरं गाणं सुचलं नाई का वो?"

मथुराबाईने उलथनं खाली ठेवलं. चुलीतली लाकडं ओढून बाहेर काढली, खिचडीवर झाकण ठेवलं, आणि शाळेच्या मास्तरांना ओरडून सांगितलं, "पोराइले वाढून देजा, मी येतो!" आणि जमनीच्या पुढेच ती तांड्याच्या रस्त्याला लागली.

बादल खरोखरच धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला होता, बाभळीखाली. पंचवीस-सव्वीसचा, अंगाने चांगला, पण दाढी वाढलेली. आईला पाहून त्याने फोन बंद केला.

"याडी, तू हिले कायले आनलं?"

"मीच आलो," मथुराबाई म्हणाली. चालून चालून तिचा दम गेला होता आणि चीडही पुरती वर आली होती. "ते माहं गाणं तू ऐकून राह्यला, अन् ते अर्धं हाये. त्या भाडखाऊ लोकाइनं अर्धंच ठेवलं. पुढचं आयक."

"आता? इथी?"

"मंग कुठी? कंपनीत?"

आणि भर दुपारी, लाल पडून वाळलेल्या कपाशीच्या वावरात, ढोलकी नाही, माइक नाही, अशी ती उभ्यानेच गायली. पहिलं कडवं तिने म्हटलंच नाही. ते त्याला पाठ होतं. ती सरळ बायकोच्या बोलण्यापासून लागली. जाशील त जाय मंग. पोरीले इचारून जाय. दम लागल्यामुळे मधे दोनदा तुटलं, सूर वर चढेना, तरी ती थांबली नाही. शेवटच्या ओळीला जमनी तोंडावर पदर धरून खाली बसली होती.

बादलने पायाशी पडलेलं ढेकूळ फोडलं.

"मले वाटलं ते तिथंच संपते," तो म्हणाला.

"तिथं कसं संपंन? असं गाणं कोन करंन बावा?"

"मले काय मालूम." मग जरा चिडूनच तो म्हणाला, "अन् याडीले वाटते मी काही करून घेईन. मले त्याच्यातली ढोलकी आवडते म्हणून ऐकतो मी."

"ढोलकी आवडते त बरंच हाये," मथुराबाई म्हणाली. "सुखीबाईले सांगतो."

ती खरी गोष्ट होती की आईसमोर सांगायची, हे मथुराबाईला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही तिने विचारलं नाही. एवढंच की ती निघाली तेव्हा बादल उठला आणि गावाच्या शिवेपर्यंत तिच्यासोबत चालत आला. शिवेवर म्हणाला, "काकू, ते पुढचं माह्या फोनात घेऊ का? याच्यात आवाज धरता येते."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. पोरं जेवून गेल्यावर चुलीजवळ बसून त्याने पुढचं सगळं गाणं फोनमध्ये धरलं, मागे भांडी घासल्याचा आवाज आणि एका कावळ्यासकट. ते घेऊन दोघं धर्मपालकडे गेले. धर्मपालने त्याला नाव दिलं, "सोड माहा हात – पुढचं," आणि शपथ घेतली की ज्याच्या फोनात पहिलं असेल त्याला दुसरं दिल्याशिवाय दुकानातून जाऊ देणार नाही. बिचाऱ्याने शब्द पाळला. लोक वैतागले. कोणी म्हणायचं जागा नाही, कोणी म्हणायचं कावळा कायले टाकला. आणि फोन वाजला की वाजायचं ते पहिलंच. दुसरं आत पडून राहायचं. बादल मात्र ते ऐकायचा, हे जमनीने येऊन सांगितलं. दिवाळीला तो स्वतः सासरी गेला आणि बायकोला घेऊन आला. त्यात गाण्याचा हात किती आणि सासऱ्याने केलेल्या मध्यस्थीचा किती, हे जमनीलाही सांगता आलं नसतं.

फकिराने नागपूरला सांगितल्याप्रमाणे कंपनीने गाणं काढलंही. त्याचा परिणाम इतकाच झाला की दोन-तीन गावांतून लोक मथुराबाईला विचारायला आले, तुमचं गाणं दिसत नाही आता, भांडलात का? नागोरावच्या नंबरावरचं मात्र कोणालाच काढता आलं नाही. शेवटी त्याने सिमकार्डच बदललं. मग महिनाभर नातेवाइकांचे निरोप एसटीच्या कंडक्टरकडून येत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात मथुराबाईने मंडळाच्या बायकांना विहारात बसवलं आणि सांगितलं की गाणं आता दुसऱ्या तऱ्हेने म्हणायचं. आधी बायकोचं, मग पुरुषाचं.

सुखीबाईने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. "उत्तर आधी अन् सवाल मंग? असं कधी असते का?"

"नसते."

"मजा जाते त्याच्यातली. तो जाऊ दे म्हणते, तवा काळजात धस्स होते. मंग तिचं बोलनं लागू पडते. तू धस्स काढूनच टाकलं."

"मालूम हाये मले, सुखीबाई. गाणं बिघडलं. मीच केलं ते, मले नाई का समजत?" मथुराबाईचा आवाज चढला, विहारात घुमला, आणि पायऱ्यांवर फोनवर बोलणारा माणूस बोलायचा थांबला. "पन जिथून तोडतीन तिथून तोडू दे आता. पहिलंच अर्धं मिनिट घेतीन ना? मंग घे म्हना. पोरीले इचारून जाय, हे घे. एवढंच जाऊ दे लोकाइच्या कानात."

सुखीबाईने ढोलकी उचलली आणि दोऱ्या ओढू लागली. बाकीच्या बायकांनी चालीवरून अजून थोडी कुरकुर केली, पण सरावाला बसल्या.

दारव्ह्याच्या मेळाव्यात त्यांनी ते तसं पहिल्यांदा म्हटलं. टाळ्या आल्या, पण चौदा एप्रिलसारखी ती शांतता काही पसरली नाही. मथुराबाईला ते जाणवलं आणि ती मंचावरून तोंड आवळूनच उतरली. पुढच्या रांगेतल्या चार-पाच जणांनी गाणं भरून घ्यायला हात वर करून फोन धरले होते. खाली एक म्हातारा तिची वाट पाहत होता, डोक्याला निळा फेटा, हातात काठी.

"बाई, हे गाणं म्या सुकळीले ऐकलं होतं, जयंतीत," तो म्हणाला. "तवा लय भारी झालं होतं. आज तुमी उलटं म्हटलं."

"हो बाबा. उलटंच म्हटलं."

"काहून?"

मथुराबाईने त्याच्याकडे पाहिलं. सगळं सांगावं तर तासभर लागला असता, आणि जीप भरत आली होती. सुखीबाई ढोलकी घेऊन आत बसली होती आणि हात करत होती.

"तुमाले टाइम हाये का पुरं ऐकाले?" तिने विचारलं.

"हाये ना. मले काय काम हाये?"

ती त्याच्या काठीच्या टोकाशी जमिनीवर बसली. म्हातारा समोर बसला. मग तिने डोळे मिटून ते गाणं पहिल्यापासून, जसं केलं होतं तसं, त्याला म्हणून दाखवलं. जीपवाला हॉर्न वाजवत होता. सुखीबाईने त्याला आतूनच झापलं.